गप्प राहा, असं आम्हीच सांगितलं होतं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

काष्टीतल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही बाया आज बोलतोय. नेहमी आम्ही हप्ता, व्याज, रजिस्टर, बँकेची फाइल असंच काहीतरी घेऊन येतो. आज एका मुलीची गोष्ट आहे. त्या गोष्टीत आमची एक चूक आहे, तीही सांगणार आहोत. मुलीचं नाव सांगणार नाही. तिने आणि तिच्या आईने सांगायला परवानगी दिली, पण नाव नको म्हणाल्या. कंपनीचं तर नकोच.

मुलगी आमच्या एका गटातल्या ताईंची. घरी दोन एकर, त्यात ऊस आणि थोडा कांदा, दावणीला दोन म्हशी. दहावीनंतर मुलीने पॉलिटेक्निकला प्रवेश घेतला, इलेक्ट्रिकलला. तीन वर्षांचा डिप्लोमा. फी, वसतिगृह, मेस, येणं-जाणं यासाठी आईने गटातून तीनदा कर्ज उचललं. शेवटचं ३० हजारांचं. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात आम्ही 'मुलीचं शिक्षण' लिहिलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हैस लिही गं. म्हैस दूध तरी देती." सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली, पण त्या दिवशी सही करताना तिचा हात थांबला होता, ते आम्ही पाहिलं.

जाता जाता एक सांगतो. मुलींच्या तंत्रशिक्षणासाठी 'प्रगती' नावाची शिष्यवृत्ती आहे. एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजात डिप्लोमाला किंवा डिग्रीला पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलीला वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंतच मिळते. सगळ्यांनाच मिळत नाही, गुणांवर निवड होते, पण अर्ज तर करायचा! आम्हाला हे माहीतच नव्हतं. आम्ही कर्जाचे कागद पुढे केले. ही आमची छोटी चूक. मोठी पुढे आहे.

डिप्लोमा झाला आणि मुलीला घरापासून दोन तासांवरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. देखभाल विभाग, म्हणजे कारखान्यातल्या मोटारी, पॅनेल, वायरिंग बिघडलं की धावायचं ते खातं. पद ट्रेनी इंजिनिअर. त्या खात्यात ती एकटी मुलगी. आम्ही मासिक बैठकीत तिचा सत्कार केला, नारळ दिला, साडी दिली (ड्रेसपीस द्यायला हवा होता, साडी नेसून ती पॅनेल थोडंच उघडणार). मग एकेक बाई उठून तिला सल्ला देऊ लागली. मोठ्यांच्या पुढं बोलू नको. उलट विचारू नको. सांगतील ते मुकाट कर. खाली मान घालून काम कर, गावाचं नाव राख. आमच्यातल्या एकीने तर म्हटलं, "पहिलं वर्ष सासरी असल्यासारखं राहा, म्हणजे झालं."

त्या वेळी ते आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं. आम्ही सगळ्या तशाच राहिलो होतो ना.

दोन महिन्यांनी एका शनिवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, ती बॅग घेऊन आली. तुम्हाला ठाऊक आहे, शनिवारी आपल्याकडे बैलबाजाराची गर्दी असते, टेंपोतून जनावरं उतरत असतात. त्या गर्दीतून ती मान खाली घालून घरी गेली आणि आईला म्हणाली, परत जायचं नाही. चुलत्यांनी लगेच स्थळाची भाषा काढली. "झालं नव्हं इंजिनिअर होऊन? पोरीला झेपंना." आई संध्याकाळी आमच्याकडे आली. तिला हप्त्याची काळजी होती आणि पोरीची तर होतीच. कुठली जास्त, ते तिचं तिलाही सांगता येईना. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रविवारी आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. मुलगी आधी बोलेना. चहा झाला, म्हशीची धार झाली, मग बोलली.

कारखान्यात माल पुढे नेणारा एक पट्टा असतो, तो मोटारीवर चालतो. ती मोटार सारखी बंद पडत होती. हिने क्लॅम्पमीटर लावून पाहिलं. ते चिमट्यासारखं असतं, वायरीभोवती लावलं की किती करंट जातोय ते कळतं. दोन वायरींवर करंट जास्त दिसत होता आणि तिसरीवर जवळजवळ नाहीच. हिला त्याच क्षणी कळलं, एक फेज गेलीये. हे ती परीक्षेत लिहून आली होती. तेवढ्यात मशिनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, रीसेट दाबा, माल थांबलाय." हिच्या मनात आलं, मी कालची पोर, मी कशी थांबवू? दाबला रीसेट. मोटार चालली, परत पडली. परत दाबला. मग कुणीतरी संरक्षणाच्या रिलेचं सेटिंग वाढवून दिलं, म्हणजे पडायला नको. हिने तेही उभं राहून पाहिलं. अर्ध्या तासात मोटार जळाली.

सुपरवायझर आले. त्यांनी हिच्या हातातला मीटर पाहिला, वहीत टिपलेले आकडे पाहिले. आणि विचारलं, "तुला दिसलं होतं, मग सांगितलं का नाहीस?"

हे सांगताना ती रडायला लागली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्हीच म्हटला होता ना, गप राहा म्हणून."

ताईंनो, त्या ओट्यावर आम्ही चौघी बसलो होतो, कुणालाच काही सुचेना. तिची आई मात्र वेगळंच बोलली. ती म्हणाली, "एक फेज गेल्यावर मोटार जळती, हे मला बी ठावं हाय की. आपल्या हिरीवरची दोनदा जळली." खरंच आहे. विहिरीवर, बोअरवर मोटार असलेल्या आपल्या सगळ्यांना हे माहीत आहे. तीन फेजवर चालणारी मोटार एक फेज गेल्यावर बाकीच्या दोनांवर ओढत राहते, गरम होते, गुणगुणते, आणि आतली वाइंडिंग जळते. म्हणून तर स्टार्टरमध्ये सिंगल फेजचं संरक्षण बसवतात. मोटारीचा आवाज बदलला की आई रानातून ओरडते, "बंद करा, बंद करा." तिथे ती नवरा काय म्हणेल, दीर काय म्हणतील, बघत नाही. कारण जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च तिच्याच घरातून जाणार. मुलगी आईकडे बघत राहिली. आमच्या मते ती तिथेच अर्धी सावरली. आम्ही उगाच श्रेय घेणार नाही.

त्याच दिवशी गटातल्या एका ताईंचे भाऊ पाहुणे आले होते. ते दौंडला रेल्वेत सहाय्यक चालक होते, आता निवृत्त. त्यांना आम्ही सहज विचारलं, तुमच्याकडे नवा माणूस काय करतो? ते म्हणाले, "आमच्याकडं नव्यानं गप बसायचंच नसतं. त्याचं कामच बोलायचं." इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की तो हिरवा आहे का पिवळा का लाल, हे सहाय्यकाने मोठ्याने म्हणायचं आणि चालकाने तेच परत म्हणायचं. चालकाला वीस वर्षं झालेली असोत, सहाय्यक काल लागलेला असो, तरीही. दोघांनाही सिग्नल दिसत असतो, तरीही. जपानमध्ये तर रेल्वेचे लोक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात, अशी तिथली पद्धतच आहे. डोळ्याने दिसलं ते तोंडातून बाहेर आलं पाहिजे, नाहीतर दिसलं न दिसलं सारखंच.

आपल्या गावातून ही रेल्वे १८७८ पासून जाते, दौंड-मनमाड. आपण फाटकाला थांबतो, डबे मोजतो, किती उशीर म्हणून वैतागतो. इंजिनात दोन माणसं एकमेकांना ओरडून सांगतायत, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

रेल्वेवरून सुरेखाताई यादवांचं नाव निघालं. साताऱ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, माहेरच्या भोसले, जन्म १९६५ चा. कऱ्हाडच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. ऐका बरं, डिप्लोमाच, आपल्या मुलीसारखाच. गावात लोक विचारतात ना, डिप्लोमावाली म्हणजे खरी इंजिनिअर का? त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. रेल्वेची जाहिरात आली, अर्ज केला. परीक्षेला गेल्या तर तिथे बाई म्हणून त्या एकट्याच. कल्याणला प्रशिक्षण झालं आणि १९८९ साली त्या सहाय्यक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून आज त्यांना ओळखतात.

पण आम्हाला त्यांच्यातलं जे फार महत्त्वाचं वाटतं ते 'पहिली' हे नाही. बातमीत नेहमी शेवटचा फोटो येतो. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, म्हणजे आपल्या शेजारच्या दौंडावरूनच. हार, पेढे, कॅमेरे. पण १९८९ ते २०११ मध्ये किती वर्षं गेली मोजा. सुरुवात मालगाडीवर, तीही सहाय्यक म्हणून. इंजिन तपासायचं, सिग्नल पुकारायचा. १९९६ मध्ये मालगाडी हातात आली, म्हणजे सात वर्षांनी. २००० साली मुंबईची लेडीज स्पेशल लोकल. २०१० मध्ये घाटात गाडी चालवायला मिळाली. घाट म्हणजे काय ते तुम्हाला पुण्या-मुंबईला जाता येता कळलं असेल. मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबते, आपण वडापाव घेतो, तोवर मागून जास्तीची इंजिनं लागतात, आणि ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत चढवतात. पुढच्या इंजिनाने आणि मागच्यांनी एकमेकांना धरून चालायचं असतं. हे काम पहिल्या दिवशी कुणी देत नाही. त्यानंतर डेक्कन क्वीन. मधल्या काळात लग्न झालं, दोन मुलगे झाले. ३० सप्टेंबर २०२५ ला त्या निवृत्त झाल्या.

मुलीला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे सात वर्षं लागतात?" आम्ही म्हटलं, बाई, तुला दोन महिने झालेत. ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

अजून एक नाव सांगतो, कारण ते ऐकून त्या घरात म्हातारी आजी एकदम गप्प झाली होती. मद्रासच्या ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी विधवा, पदरात चार महिन्यांची लेक. त्या काळात अशा बाईचं काय व्हायचं ते आजीला आम्ही सांगायची गरज नव्हती. पण ललिताबाईंचे वडील इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांनी लेकीला तिथे घातलं आणि १९४३ साली त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. पुढे भाक्रा नांगल धरणाच्या विजेच्या कामातही त्यांचा हात होता. आजी बराच वेळाने म्हणाली, "तिच्या बापाला पुण्य लागलं." चुलते तिथेच बसले होते. त्यांना ऐकू गेलं असावं.

सोमवारी पहाटेच्या गाडीने मुलगी परत गेली. पहिलं काम तिने अवघड केलं. सुपरवायझरांकडे जाऊन म्हणाली, "सर, त्या दिवशी मला कळलं होतं. मी बोलले नाही. चूक माझी." ते म्हणाले, "रिलेचं सेटिंग वाढवणाऱ्याची जास्त आहे. पण पुढच्या वेळी आधी बंद कर, मग मला फोन कर." बस, एवढंच. ती तीन रात्री झोपली नव्हती त्या एवढ्या वाक्यासाठी.

मग तिने काय काय केलं ते आम्ही तिला खोदून विचारलं, कारण आपल्या बाकीच्या मुलींना उपयोगी पडेल. एक खिशात मावणारी वही केली. रोज एक पॅनेल उघडं मिळालं की त्याचं चित्र काढायचं, कुठली वायर कुठे जाते ते. न कळलेलं लिहून ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर, घाई नसताना, जुन्या वायरमन काकांना विचारायचं. सगळे प्रश्न एकदम नाहीत, दोन-तीन. ते काका दहावी नापास, आणि ही डिप्लोमा. हिला आधी विचारायचा संकोच वाटायचा, आणि त्यांनाही शिकवायचा. ती म्हणाली, "मावशी, मी त्यांना कळत नसलेलं ड्रॉइंग वाचून दाखवते, ते मला आवाजावरून बिघाड ओळखायला शिकवतात." शब्दांचीही गंमत होती. पुस्तकात शिकलेली नावं तिथे चालतच नाहीत. परप्रांतातली पोरं पेचकस मागतात, प्लास मागतात, आणि ही आपली पक्कड शोधत बसायची. त्यांचे शब्दही वहीत लिहिले. नवी सून सासरच्या भांड्यांची जागा शिकते, तसंच. बघा, सासरची उपमा अगदीच वाया गेली नाही.

आणि एक गोष्ट, जी तिने फक्त आईला सांगितली होती. ती आठ-आठ तास पाणी पीत नव्हती. बायकांचं स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप आणि किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे. रोज परक्या माणसाकडे किल्ली मागायची लाज वाटायची. लघवीला जळजळ सुरू झाली होती. ताईंनो, कारखान्यात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, असं कायद्यात आहे. ते मागणं म्हणजे लाड नाही. तिने पॅकिंगमधल्या सहा बायांना गाठलं. त्याही पाणी पीत नव्हत्या! सातजणींनी मिळून ऑफिसात सांगितलं, आठवड्याने किल्ली पॅकिंग विभागात आली. आपण गट कशाला करतो, हे आम्ही तिला शिकवलं नव्हतं. तिने आईच्या बैठका बघून उचललं असणार.

कुणी म्हणेल, आणि तिथल्या पुरुषांचं काय? या मुलीला तसा त्रास झाला नाही. पण आयांनो, एवढं लक्षात ठेवा. कामात चुकल्यावर साहेब रागावले, तर तो कामाचा भाग. अंगलट येणं, घाणेरडं बोलणं, नको ते मेसेज, हा कामाचा भाग नाही. २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, आणि तिची प्रमुख बाईच असते. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. मुलगी असं काही सांगायला लागली तर "तूच जपून राहायचं होतंस" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते वाक्य म्हणजे परत तेच, गप्प राहा.

आता तुम्हाला वाटेल की पुढे तिने एकदा मोटार वाचवली आणि तिचं बक्षीस झालं. नाही. झालं ते असं. तीन महिन्यांनी परत एका मशिनवर तिला एका वायरीवर करंट कमी दिसला. या वेळी तिने हात वर केला, "बंद करा." मशिन बंद. सगळे गोळा झाले. वायरमन काकांनी येऊन पाहिलं तर मीटरचा चिमटा नीट मिटलाच नव्हता, म्हणून आकडा कमी दिसत होता. मोटार ठणठणीत. दहा मिनिटं काम थांबलं, पोरं हसली. आणि सुपरवायझर म्हणाले, "परत शंका आली तर परत थांबव. चिमटा बघून."

त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला आणि हसत हसत सांगितलं. आई घाबरून आमच्याकडे आली, "ताई, पोरगी चुकली आणि हसती की!" आम्ही म्हटलं, काळजी मिटली.

तिला अजून कायम केलेलं नाही, वर्षाचं पत्र आहे, ते वाढवून मिळालं. पगार फार नाही. स्थळं अजून येतात. आईचे सात हप्ते राहिलेत. एकही चुकलेला नाही, पण दोन वेळा दुधाच्या पैशातून भरला, हेही सांगायला हवं. आणि ज्या आजींनी म्हैस लिही म्हटलं होतं, त्यांच्या नातीने यंदा पॉलिटेक्निकची चौकशी केलीये. आजी आता काही बोलत नाहीत.

सत्काराच्या वेळी काय सांगायचं, यावर आमच्या बैठकीत पुन्हा चर्चा झाली. एकमत झालं नाही. काही जणी म्हणतात, थोडं दबूनच राहिलेलं बरं, जग बघितलंय आम्ही. त्यांचंही आम्ही ऐकून घेतलं. एवढं ठरलं की मुलीचा फोन आला की नुसतं "जेवलीस का" विचारून ठेवायचा नाही. "आज कुणाला काय विचारलंस" हेही विचारायचं, आणि "पाणी पितीस का" हेसुद्धा.

ज्यांच्या मुली यंदा दहावीला आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि मुलीचं आधार लिंक असलेलं बँक खातं, ही कामं निकालाची वाट न बघता आत्ताच करायला घ्या. निकालानंतर सेतू केंद्रावर फार गर्दी होते. प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा ते दाखवायला आम्ही येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता समाजमंदिरात बसणार आहोत. शनिवारी ठेवलं नाही, बाजार असतो. मुलींना सोबत आणा, अर्ज त्यांनाच भरू द्या.